बारा-तेराचा पाना

गाडी गॅरेजात आली की आवाज बंद होतो,
हे पहिलं.
तापाचं लेकरू दवाखान्याच्या पायरीवर
खेळायला लागतं, तसं.

म्हणून कच्छवे सरांना मी खोटं पाडलं नाही.
ते म्हणाले, "खाजाभाई, खालून टक टक येऊ लालंय.
खड्ड्यात येतं, सपाटीला नाही."
मी म्हटलं, "सपाटी कुठं घावली तुम्हाला, सर?"
पंक्चरवाला नर्सिंग टायरीवरच लोळला हसून.

मानवतला जिनिंगच्या भिंतीला टेकून माझं पत्र्याचं शेड.
रुई उडून येते मार्चपर्यंत,
चार एअर फिल्टर झटकले की उशी भरते.
गिऱ्हाईक सांगतं, "काहीच केलं नाही, आपोआप बंद पडली."
मी आधी टाकीत काडी घालून डिझेल बघतो.
एकदा अर्धं इंजिन उतरवल्यावर आलेली अक्कल.

मुंजाजीला धुराचं शिकवलं होतं मी.
काळा धूर, फिल्टर बघ.
निळा, ऑइल जळायलंय, मालकाला खुर्ची दे, मग सांग.
पांढरा, पाणी चाललंय आत, हेड उतरणार,
खुर्चीबी दे आणि प्यायला पाणीबी.
गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही,
भावकी तापलेली असताना तोंड उघडत नाहीत, तसंच.
टर्मिनलला पांढरी बुरशी आली तर कढत पाणी ओत,
नवी बॅटरी खपवू नको.
पोरगं ऐकायचं. बोटं काळी, कान स्वच्छ.

सरांना शेजारी बसवून कोल्हा पाटीपर्यंत गेलो.
टेप बंद, काचा खाली.
टक.
टक टक.
बुश नाही. बुशचा आवाज म्हातारा असतो, खोकल्यासारखा.
शॉकप नाही. तो धप्पकन बोलतो.
हा तरणा आवाज. लोखंडावर लोखंड.
कुणीतरी आतून कडी वाजवायलंय.

गाडी खड्ड्यावर घेतली, खाली उतरलो,
टाकीच्या वरच्या खोबणीत हात घातला
आणि हाताला हात लागावा तसा लागला
बारा-तेराचा पाना.
त्यावर ग्राइंडरनं कोरलेला माझाच ख.

पोळ्याच्या आदल्या दिवशी
चार गिऱ्हाइकांसमोर मुंजाजीला विचारलं होतं,
"पाना विकला का गिळला?"
पगारातून दोनशे कापले होते.
तो काही बोलला नाही. हात पुसले.
आठ दिवसांनी चाकणला गेला.

"काय निघालं?" सर वाकून विचारायले.
"नट ढिला होता."
"कुठला?"
मी खड्ड्यातूनच म्हटलं, "मिस्त्रीचा."

पैसे घेतले नाहीत.
चहा मात्र सरांच्याच खिशातून. धंदा धंद्याच्या जागी.

रात्री फोन लावला. म्हटलं, "पाना सापडला."
"बारा-तेराचा?"
श्वासाइतकाही वेळ लागला नाही त्याला.
म्हणजे आठ महिने
त्याच्याबी खालून येतच होती टक टक.

मग म्हणाला, "इथं पानेच नाहीत, उस्ताद.
मशीन किर्र करतं, नट बसला का नाही मशीनच सांगतं.
कुणावर आळ येत नाही."
मी म्हटलं, "दोनशे पाठवतो."
"राहू द्या. गंजला असंल. डिझेलनं धुवा,
पाण्यानं नका धुऊ."

मला शिकवायलंय!
धुतला डिझेलनंच. खिळ्यावर टांगला.

चौथ्या दिवशी कच्छवे सर परत दारात.
"आता काय, सर?"
"काही नाही हो. आवाज गेला, तर करमंना झालंय.
त्या आवाजावरच कळायचं
गाव किती जवळ आलं ते."